चुड्याचा हात

डॉक्टरांनी सुमेधाला आजारी असं कधी पाहिलंच नव्हतं. सहा वर्षं आम्ही त्यांच्याकडे तिच्या पार्किन्सनसाठीच जात होतो, तरी हे खरं आहे. आम्हाला वेळ मिळायची ती दुपारी बाराची. अकराची गोळी तोवर अंगात भिनलेली असायची. सुमेधा तरातरा केबिनमध्ये शिरायची, खुर्ची स्वतः ओढून घ्यायची, बोटं उघडमीट करून दाखवायची. डॉक्टरबाई खूश व्हायच्या. "काकू, तुम्ही माझ्या फर्स्ट क्लास पेशंट!" आणि आम्ही घरी यायचो.

अडीचच्या सुमारास ती बंद पडायची. 'बंद पडणं' हा तिचाच शब्द. उजवा हात थरथरू लागे, पाय फरशीला चिकटत, आवाज घशातल्या घशात राही. तीनची गोळी घेतली तरी चार-सव्वाचारपर्यंत तशीच. मग हळूहळू सुरू व्हायची आणि आधी चहाचं आधण ठेवायची.

तो दीड तास फक्त मी पाहत होतो, आणि मी सांगितल्याने कोणाला काही पटावं असा मी नाही. बत्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. तिथे चिठ्ठी घ्यायची, पुस्तक द्यायचं, बोलायची गरज पडत नसे. डॉक्टरांसमोर बसलो की वाटायचं, त्या एवढ्या शिकलेल्या, त्यांना दिसत नाही ते आपण काय सांगायचं. रिक्षात सुमेधा विचारायची, "सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो."

"हो. सहा वर्षं सांगणारच आहात."

या उन्हाळ्यात सुमेधाने स्वतःच पुन्हा तक्रार केली, तेव्हा डॉक्टरांनी एक घड्याळ सुचवलं. वेळ दाखवणारं नव्हे. मनगटावर सहा दिवस बांधायचं, ते हाताची प्रत्येक हालचाल टिपत राहतं. थरथर किती, हात जड किती, उगीचची वळवळ किती. गोळीची वेळ झाली की ते गुरगुरतं, गोळी घेतली की त्यावर बोट ठेवायचं. सहा दिवसांनी सगळा आलेख डॉक्टरांच्या संगणकावर. तो पाहून त्या गोळ्यांच्या वेळा बदलायच्या की नाही ते ठरवणार होत्या.

सुमेधाचा चेहरा उजळला. "बरं झालं. ते तरी बोलेल माझ्या बाजूने."

घड्याळ यायचं होतं सोमवारी. गुरुवारी ओवीचं लग्न होतं. ओवी म्हणजे सुमेधाच्या धाकट्या बहिणीची, सुवर्णाची मुलगी. सुवर्णा राहते इगतपुरीला, पण कार्यालय नाशिकमधलं, म्हणून ती आठवडाभर आमच्याकडेच येऊन राहिली होती. सोमवारी सकाळी तिने भद्रकालीतल्या सिंधुबाई कासारणीला घरी बोलावलं. हॉलमध्ये सतरंजी पसरली होती, बायका जमल्या होत्या, ओवीचा चुडा भरून झाला होता. मग मावशीचा नंबर.

"कोणता हात अवघड हाय?" सिंधुबाईने विचारलं.

सुमेधाने उजवा पुढे केला.

"नाचरा हाय की. मंग हाच आधी." तिने तो हात दोन्ही तळव्यांत धरला. अंगठा आत दुमडला. "सैल सोडा ताई. लय धरून ठिवलाय तुमी." एकेक हिरवी बांगडी आत सरकत गेली. तेरा. एकही वाढली नाही. मी आतल्या दारात उभा राहून मोजत होतो.

उजवा हात भरून झाला आणि बेल वाजली. घड्याळवाली मुलगी होती, सृष्टी. हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी. तिने मोबाइलवर माहिती भरायला सुरुवात केली. "काकू, जास्त त्रास उजव्या हाताला ना? उजवा टाकते." मग वर पाहिलं. "अय्या, बांगड्या! मनगट मोकळं लागेल हं, काकू. बांगड्या आपटल्या तर सगळं रीडिंग बिघडतं."

"चुडा आहे तो," सुवर्णा म्हणाली. "आत्ता भरलाय. भरलेला हात कोणी उतरवतं का?"

सृष्टी काही म्हणणार तोच तिचा फोन वाजला. ती फोनवर बोलत बोलतच चपला घालू लागली. जाताना घड्याळ आणि एक माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. "काका, तुम्ही वाचणारे दिसता. यात सगळं आहे. मला अजून तीन ठिकाणी जायचंय." तिची पावलं जिन्यावर वाजत गेली.

मी ते पत्रक तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच होतं. ज्या हाताला त्रास जास्त, त्याच हाताला घड्याळ बांधावे.

"डावा रिकामाच आहे की," सुवर्णा म्हणाली. "त्याला बांधा."

"डाव्यात दोनच घालते मंग, शकुनाच्या. पार वर सरकवून," सिंधुबाई म्हणाली.

"आजार काय एकाच हातात बसलाय?" सुमेधा म्हणाली. "मेला अंगभर आहे." सगळ्या हसल्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "चालेल ना हो? तुम्ही वाचलंय."

नऊ-दहा बायका माझ्याकडे बघत होत्या. सिंधुबाईच्या हातात पुढची बांगडी तयार होती. सुवर्णाची भुवई वर गेली होती. 'नाही' म्हणालो तर भरलेल्या तेरा बांगड्या उतरवाव्या लागणार होत्या, लग्नाच्या तीन दिवस आधी, आणि त्या माझ्या एका शब्दावर.

"चालेल," मी म्हणालो.

त्या दुपारपासून मला बसवेना. सुवर्णा ओवीला घेऊन खरेदीला गेली. जेवणं झाली, सुमेधा आतल्या खोलीत जाऊन बसली, मी बाहेर पुस्तक घेऊन. अडीचला पाच कमी असताना आतून आवाज सुरू झाला. बांगड्यांचा. कामातल्या बांगड्या वाजतात, थांबतात, पुन्हा वाजतात. हा आवाज थांबत नव्हता. वणीच्या रस्त्याला रिक्षात मांडीवर लोणच्याच्या बरण्या घेऊन बसलं की वाजतात तसा, बारीक आणि सारखा. मी आत डोकावलो. उजवा हात मांडीवर नाचत होता. डावा हात गादीवर निवांत पडलेला. घड्याळाचा इवलासा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याला काही ऐकू जात नव्हतं.

मी बाहेर आलो. ग्रंथालयाची सूची संगणकावर गेली तेव्हा रद्दीत निघालेली कोरी कार्डं मी घरी आणली होती. त्यातलं एक घेतलं आणि लिहिलं: सोमवार, २.२५. आवाज थांबला तेव्हा पुढे लिहिलं: ४.०५. कशासाठी ते ठाऊक नव्हतं. हाताला काहीतरी हवं होतं.

पत्रकाच्या मागे सृष्टीचा नंबर होता. मंगळवारी मी तो दोनदा लावला. पहिल्यांदा वाजायच्या आत बंद केला. दुसऱ्यांदा तिने उचलला, मागून गाड्यांचे हॉर्न येत होते. "हॅलो? कोण? हॅलो?" मी फोन ठेवला. आता काय, मी स्वतःला सांगितलं, लग्न झाल्यावर बघू. मग रोज एक नवं कार्ड: मंगळवार, २.३५ ते ४.१५. बुधवार, २.२० ते ४.००.

गुरुवारी मुहूर्त होता दुपारी दोन अठ्ठेचाळीसचा. सुमेधा पहिल्या रांगेत उभी होती, उजव्या मुठीत अक्षता. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच मूठ हलू लागली. अक्षता तिच्याच पावलांवर सांडत गेल्या. ओवीवर टाकायची वेळ आली तेव्हा मुठीत काहीच नव्हतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "यांना थंडी वाजतेय का?" मे महिना होता. मी माझ्या अक्षता तिच्या डाव्या हातात दिल्या. तिने त्या हाताने टाकल्या, अगदी व्यवस्थित. घड्याळाने तेवढं मात्र टिपलं असणार. कार्ड जवळ नव्हतं म्हणून वेळ लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लिहिली.

रविवारी सहा दिवस पुरे झाले. मी घड्याळ डबीत घालून दवाखान्याच्या काउंटरवर देऊन आलो. कोणता हात, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी परतीच्या वाटेवर स्वतःशी म्हणत राहिलो.

सोमवारी बाराला आम्ही केबिनमध्ये होतो. सुमेधा तरातरा आत शिरली, खुर्ची ओढली. आमचा मुलगा दिनेश पुण्याहून फोनवर होता. डॉक्टरांनी संगणक आमच्याकडे वळवला.

"हे बघा. किती छान आहे! थरथर जवळजवळ नाहीच. दुपारी थोडा मंदपणा, पण तो या वयात जेवल्यावर सगळ्यांनाच येतो."

"दुपारी?" सुमेधाने पुढे वाकून पाहिलं. "अडीचला?"

"अडीचलाही ठीक आहे, काकू."

"आई, बघ," दिनेशचा आवाज आला. "मी तुला म्हणत होतो ना, तू फार मनाला लावून घेतेस."

डॉक्टर समजुतीने बोलत होत्या. गोळी वाढवली तर उलट वळवळ सुरू होईल. काळजीनेही माणसाला असं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. माझ्या शर्टाच्या खिशात पाच कार्डं आणि एक पाकीट होतं. मी खिशावर हात ठेवला. डॉक्टरांनी घंटी वाजवली.

बाहेर बाकावर सुमेधाने चिठ्ठीची घडी केली, पर्समध्ये घातली, पर्सची चेन लावली, पुन्हा उघडून चिठ्ठी आहे ना पाहिली. भांडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मलाच वाटत असेल हो. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

सहा वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. चालताना पाय अडकला तर फरशीला शिव्या द्यायची, मला द्यायची. स्वतःवर कधी शंका घेतली नव्हती. ते माझं काम होतं.

"थांब," मी म्हणालो. "चष्मा विसरलो आत."

"नाकावर आहे."

मी तरी गेलो. दाराशी नवनाथ नावाचा मदतनीस उभा असतो. "काका, तुमचं झालं ना? आता बाकीच्यांचे नंबर आहेत." मी भिंतीला टेकून उभा राहिलो. दार उघडलं की एक पाऊल पुढे टाकत होतो, पेशंट आत गेला की मागे येत होतो. असं सहा-सात वेळा झालं. एक वाजून गेला. सुमेधा बाकावरून बघत होती. "काय चाललंय तुमचं? उभ्या उभ्या नाचताय कशाला? चला घरी."

"पाच मिनिटं."

शेवटचा पेशंट बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग डॉक्टरच आल्या, हातात डबा. त्या माझ्या शेजारून पुढे निघून गेल्या. मग मी बोललो, त्यांच्या पाठीकडे बघत.

"घड्याळ डाव्या हातात होतं."

त्या थांबल्या. "काय?"

"उजव्या हातात चुडा होता. मला माहीत होतं चालणार नाही. मी चालेल म्हणालो."

"हे मला आत का नाही सांगितलं?" त्या चिडल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. "अख्खा आलेख चांगल्या हाताचा आहे! त्यावरून मी औषध ठरवलं."

मी खिशातली कार्डं काढून दिली. त्यांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"बांगड्या वाजायला लागायच्या त्या वेळा. आणि थांबायच्या त्या."

त्यांनी उभ्यानेच सगळी वाचली. पाकीटसुद्धा, दोन्ही बाजूंनी. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला दहा कमी होते. "काकूंना खाली कँटीनमध्ये जेवायला घाला आणि इथेच आणून बसवा. मी अडीचला येते."

पोळीभाजी समोर आल्यावर सुमेधा बोलली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही चालेल म्हणालात."

"हो."

तिने दोन घास खाल्ले. "सुवर्णाला घाबरलात."

"सिंधुबाईलाही."

ती हसली नाही. पाण्याचा ग्लास मी पुढे केला, तो तिने बाजूला सारून जगमधून स्वतः ओतून घेतलं.

सव्वादोनला आम्ही पुन्हा बाकावर होतो. दवाखाना रिकामा झाला होता. नवनाथ फरशी पुसत होता. सुमेधाचा हात मांडीवर होता आणि मी त्या हाताकडे बघत होतो. अडीच वाजले. हात स्वस्थ. अडीचला ती रोज बंद पडते, आज का नाही? बायकोला लवकर त्रास होऊ दे, असं मी मनात म्हणत होतो. असं आयुष्यात कधी म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"असं टक लावून बघू नका हो," ती म्हणाली. "पाहुणे यायचेत का?"

दोन पस्तीसला डॉक्टर आल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांनीही हाताकडे पाहिलं. हात शहाण्यासारखा पडून होता. मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. कार्डं चुकली असतील का? मला ऐकू आलं ते तसं नसेलच का? दोन चाळीस. डॉक्टरांनी मोबाइल पाहिला, बाजूला ठेवला, पुन्हा पाहिला.

"जाऊ द्या, डॉक्टर," सुमेधा म्हणाली. "तुम्हाला उशीर होतोय. मला आज बरं वाटतंय." आणि ती उठायला लागली.

अर्धी उठली आणि थांबली. आधी एकच बांगडी दुसरीवर वाजली. मग दोन-तीन. मग सगळ्या, तोच बारीक, सारखा आवाज, रिकाम्या दवाखान्यात घरच्यापेक्षा मोठा. ती कशीबशी उभी राहिली, पण पाय उचलेना. पावलं जागीच थरथरत राहिली. मी पुढे झालो, तर डॉक्टरांनी हाताने मला थोपवलं.

"घाई नाही, काकू. मी बघतेय."

"बघा," सुमेधा म्हणाली. आवाज आत गेलेला, तरी ऐकू आला. "बघा नीट. हेच ते."

डॉक्टरांनी तिचा दंड धरून तिला बसवलं, तो हात हातात घेऊन कोपरातून वाकवून पाहिला, पाय टेकवायला लावले. वीस मिनिटं त्या तिच्यापाशी होत्या. चिठ्ठी परत मागून घेतली आणि फाडली. म्हणाल्या, पुन्हा सहा दिवस घड्याळ, या वेळी उजव्या हाताला, मग गोळ्यांच्या वेळा जवळ आणू. बहुतेक दुपारची आधी ओढावी लागेल. कार्डांची झेरॉक्स मात्र त्यांनी तेव्हाच नवनाथकडून काढून घेतली.

"म्हणजे चुडा उतरवायचा," रिक्षात सुमेधा म्हणाली. "ओवी पहिल्यांदा माहेरी येईपर्यंत ठेवणार होते मी."

"सिंधुबाईला बोलावू?"

"नको. तुम्हीच काढा. शिक्षा."

चहा झाल्यावर, तिचा हात थांबला होता तेव्हा, आम्ही बेसिनपाशी उभे राहिलो. मी तिच्या हाताला साबण लावला. अंगठा आत दुमडायचा हे सिंधुबाईचं पाहून ठेवलं होतं, पण करणं वेगळं असतं. मीच तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. "सैल सोडा," ती मला म्हणाली. एक निघाली, दुसरी निघाली. नववी दोन तुकडे होऊन बेसिनमध्ये पडली आणि माझ्या अंगठ्याला रक्त आलं.

"वाढली," ती म्हणाली. "ओवीला सांगू नका." मग जरा थांबून, "तसंही तुम्ही कोणाला काही सांगत नाहीच."

बारा बांगड्या तिने रुमालात गुंडाळून कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सृष्टी येऊन घड्याळ स्वतः बांधून गेली, उजव्या मनगटाला, पट्टा दोनदा ओढून.

दुपारी अडीचला मी बाहेर बसलो होतो, पुढ्यात नवीन कार्ड. आतून काहीच आवाज नव्हता. घड्याळ आपलं काम करत असणार, माझ्यापेक्षा चोख. मला आता काही लिहायची गरज नव्हती. मी पुस्तक उघडलं, मिटलं. पंखा बंद करून कान दिला. उठलो, बसलो. दोन एकतीस. पुन्हा उठलो आणि दारातून डोकावलो.

तिचा हात मांडीवर नाचत होता, अगदी मुका.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलंच. आता तुमच्यासाठी काय, या वयात पैंजण घालू?"

मी बाहेरची खुर्ची उचलली आणि आत आणून तिच्या समोर ठेवली.